पाडवा नसलेला करार

८ ऑक्टोबर १९६९ची पहाट. सेंट लुईस शहरात कर्ट फ्लडच्या घरचा फोन वाजला तेव्हा चारचा सुमार होता. पलीकडे कार्डिनल्स या बेसबॉल क्लबच्या कचेरीतला जिम टूमी होता. तुला फिलाडेल्फियाला दिलंय, त्याने सांगितलं. बरोबर आणखी तिघे जाणार होते, बदल्यात तिकडून तिघे येणार होते. बोलणं फार लांबलं नाही. मागाहून रीतसर सूचना आली. छापील फॉर्म, रिकाम्या जागेत नाव, तुमचा करार फिलाडेल्फिया क्लबकडे वर्ग करण्यात आला आहे, खाली जनरल मॅनेजर बिंग डिव्हाइन यांचं नाव.

फ्लड तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि बारा मोसम त्या एकाच क्लबकडून खेळला होता. तो सेंटर फील्डवर उभा राहायचा. ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांनी लाँग-ऑफपासून लाँग-ऑनपर्यंतचा सगळा पट्टा एकट्याने सांभाळणारा क्षेत्ररक्षक डोळ्यांपुढे आणावा. १९६३ पासून १९६९ पर्यंत सलग सात वर्षं उत्तम क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ त्याला मिळाला. १९६६च्या अख्ख्या मोसमात त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. त्याच्या संघाने १९६४ आणि १९६७ साली वर्ल्ड सिरीज जिंकली होती. आणि आता हा माणूस एखाद्या फायलीसारखा ‘वर्ग’ झाला होता.

असं होणं त्या काळी मुळीच नवलाचं नव्हतं. कराराच्या छापील मजकुरात १०-अ नावाचं एक कलम असे, बोलीभाषेत रिझर्व्ह क्लॉज. आपल्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो. साल भरलं की हिशेब होतो, पटलं तर गडी राहतो, नाहीतर दुसऱ्याच्या वाड्यावर नवं साल धरतो. उचल अंगावर असली तर त्याचीही सुटका अवघड, हे खरंच. पण निदान पाडवा नावाचा एक दिवस वर्षात येतो. बेसबॉलच्या करारात पाडवा नव्हता. करार एका वर्षाचा. खेळाडूने पुढच्या वर्षी सही केली नाही, तर जुन्याच करारावर आणखी एक वर्ष त्याला ठेवून घेण्याचा हक्क क्लबला होता. मालक म्हणत, वाढवलेल्या करारातही तेच कलम आहे, म्हणजे त्याच्या पुढचं वर्षही आमचं, आणि त्याच्या पुढचंही. दुसऱ्या क्लबने अशा खेळाडूशी बोलणी करायची नाहीत, हा मालकांचा आपसातला ठराव. क्लबला मात्र त्याला विकता येई, बदलून टाकता येई, काढूनही टाकता येई. खेळाडूच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे खेळ सोडून घरी बसणं.

हा प्रकार सुरू झाला १८७९ साली. नॅशनल लीगच्या मालकांनी ठरवलं की प्रत्येकाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि इतरांनी त्यांना हात लावू नये. हेतू सरळ होता, पगार चढू द्यायचे नाहीत. पाचाचे पुढे सगळेच झाले. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

खेळाडूंमधून या कलमावर पहिला मोठा हल्ला चढवला जॉन माँटगोमेरी वॉर्डने. न्यू यॉर्कच्या संघातला हा गोरा खेळाडू कायदाही शिकलेला होता. ऑगस्ट १८८७मध्ये एका मासिकात त्याने लेख लिहिला आणि मथळ्यातच विचारलं, बेसबॉलपटू म्हणजे जंगम मालमत्ता काय? गुलामाला पळून गेल्यावर जसं शोधून परत मालकाच्या हवाली करत, तशीच ही व्यवस्था आहे, असं त्याचं म्हणणं होतं. आता याच्या शेजारी दुसरी एक तारीख ठेवून पाहा. त्याच वर्षीच्या १४ जुलैला इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी ठराव केला होता की यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. एका महिन्याच्या आत गोरा खेळाडू लिहितो की हा करार म्हणजे गुलामी, आणि ज्यांचे बाप-आजे खरोखर गुलाम होते त्यांना तो करारसुद्धा मिळायचा बंद होतो. मोठ्या लीगांमध्ये हे दार पुढची साठ वर्षं बंद राहिलं. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला तेव्हा ते उघडलं.

न्यायालयांनी या कलमाला दोनदा हात लावायचं नाकारलं होतं. अमेरिकेतला मक्तेदारीविरोधी कायदा राज्याराज्यांतल्या व्यापाराला लागू होतो. १९२२ साली न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने लिहिलं की बेसबॉलचा सामना हा त्या त्या गावातला खेळाचा प्रयोग आहे, संघ राज्याची हद्द ओलांडून येतात हे केवळ अनुषंगाने. सबब, हा आंतरराज्य व्यापार नव्हे. १९५३ साली, रेडिओ आणि टीव्हीच्या हक्कांची बाजारपेठ डोळ्यांपुढे असताना, न्यायालयाने हाच निकाल पुन्हा उचलून धरला. बदल हवा असेल तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, करावा, इतकंच म्हटलं. गंमत म्हणजे मुष्टियुद्धाला १९५५ साली आणि अमेरिकन फुटबॉलला १९५७ साली ही सवलत नाकारण्यात आली. बेसबॉल तेवढा व्यापार नव्हता.

तर अशा कलमाशी फ्लडने का भांडावं? त्याच्याआधी शेकडो जण बॅग भरून नव्या गावी गेले होते, तो स्वतःही एकदा गेला होता.

त्याचा जन्म टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा, १८ जानेवारी १९३८चा. वाढला मात्र कॅलिफोर्नियात, वेस्ट ऑक्लंडच्या कामगारवस्तीत. फ्रँक रॉबिन्सन, व्हेडा पिन्सन, बास्केटबॉलचा बिल रसेल हे सगळे त्याच भागातले. याच ऑक्लंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि सहा वर्षांनी त्याच्या नावावरून मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पण ते पुढचं. १९५६ साली सिनसिनाटी रेड्स क्लबने अठरा वर्षांच्या फ्लडला वर्षाला चार हजार डॉलरवर घेतलं, सहीचा बोनस शून्य. तो फ्लोरिडात टॅम्पाला सरावासाठी पोचला, संघ उतरला होता त्या हॉटेलात शिरला, आणि त्याला बाजूच्या दाराने बाहेर काढून टॅक्सीत बसवण्यात आलं. काळ्या खेळाडूंची सोय गावाच्या दुसऱ्या टोकाला एका बाईंच्या खानावळवजा घरात होती. उत्तर कॅलिफोर्नियातल्या पोराला दक्षिणेची ही पहिली ओळख.

मग मायनर लीग, नॉर्थ कॅरोलिना आणि जॉर्जिया. तिथला एक प्रसंग त्याने पुढे अनेक वर्षांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर सांगितला आहे. एका दिवशी दोन सामने होते. पहिला संपल्यावर सगळ्यांनी घामाने भिजलेले कपडे काढून जमिनीवर ढीग केला, दुसऱ्या सामन्याआधी ते धुऊन यायचे होते. फ्लडनेही आपले त्यात टाकले. क्लबहाउसचा माणूस टोकाला खिळा ठोकलेली एक लांब काठी घेऊन आला आणि त्या ढिगातून फ्लडचे कपडे तेवढे खिळ्याने उचलून वेगळे केले. ते काळ्यांच्या धोब्याकडे जाणार होते, आणि तो धोबी दूर होता. बाकीचे खेळाडू कपडे चढवून मैदानात गेले. हा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा नागडा बसून राहिला, कपडे परत येईपर्यंत.

ढिगातून शर्ट काठीने वेगळा करणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नसावी.

डिसेंबर १९५७मध्ये सिनसिनाटीने त्याला सेंट लुईसला देऊन टाकलं. वय एकोणीस. तिथे पहिली काही वर्षं वाईट गेली, मग संघाचा कारभार बदलला आणि फ्लडचं बस्तान बसलं. बॉब गिब्सन, बिल व्हाइट, लू ब्रॉक, गोरा टिम मकार्व्हर, पुढे प्वेर्तो रिकोचा ओर्लांडो सेपेडा असा तो संघ. एकमेकांची चेष्टा करणारा, एकत्र जेवणारा. दक्षिणेतून आलेले गोरे खेळाडू तिथे बदलत गेले, असं त्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर लिहिलं-सांगितलं आहे. मैदानाबाहेरचं जग एवढं बदललेलं नव्हतं. १९६४ साली, वर्ल्ड सिरीज जिंकून आल्या आल्या, फ्लडने ऑक्लंडजवळच्या अलामो गावात घर भाड्याने घेतलं. भाडेकरू काळे आहेत हे कळताच त्याला बंदुकीची धमकी मिळाली. फ्लड न्यायालयात गेला, हुकूम मिळवला आणि पोलिसांच्या बंदोबस्तात त्या घरात राहायला गेला. कार्डिनल्सविरुद्धच्या भानगडीत त्याला ‘भडकवलेला’ म्हणणाऱ्यांनी हे घर विसरून चालणार नाही. आपला हक्क न्यायाधीशापुढे नेऊन मागायचा असतो, हे तो पाच वर्षांपूर्वीच करून बसला होता.

क्लबचे मालक ऑगस्ट बुश, बिअरच्या कारखान्याचे धनी. १९६८च्या वर्ल्ड सिरीजमध्ये कार्डिनल्स डेट्रॉइटकडून हरले. सातव्या सामन्यात एका उंच चेंडूचा अंदाज फ्लडला चुकला आणि तो डोक्यावरून गेला. त्या हिवाळ्यात त्याने पगारवाढ मागितली आणि शेवटी वर्षाला नव्वद हजार डॉलरवर मिटलं. मार्च १९६९मध्ये बुश यांनी सरावाच्या तळावर सगळ्या खेळाडूंना गोळा केलं आणि पत्रकारांच्या देखत व्याख्यान दिलं. पैशांची हाव सुटली आहे, प्रेक्षकांना हे आवडत नाही, वगैरे. गड्यांना अंगणात उभं करून धन्याने बोल लावावेत तसं. सात महिन्यांनी तो पहाटेचा फोन आला.

आणि फिलाडेल्फिया! १९४७ साली जॅकी रॉबिन्सनला डगआउटमधून सर्वांत गलिच्छ शिव्या घातल्या त्या याच फिलीज संघाने. फ्लडच्या बदल्यात सेंट लुईसला येणारा डिक ॲलन हा त्यांचा सर्वांत मोठा काळा तारा. १९६४चा सर्वोत्तम नवोदित खेळाडू. पण त्याच्यावर घरचेच प्रेक्षक वस्तू भिरकावत, म्हणून तो क्षेत्ररक्षण करतानाही हेल्मेट घालायचा. त्याला तिथून सुटायचं होतं. एका काळ्या खेळाडूची सुटका झाली ती दुसऱ्याला त्याच्या जागी ढकलून, आणि दोघांनाही कुणी काही विचारलं नव्हतं.

फ्लडने आधी निवृत्तीची घोषणा केली. मग विचार बदलला आणि न्यू यॉर्कला मार्व्हिन मिलरकडे गेला. मिलर हा पोलाद कामगारांच्या संघटनेतला अर्थतज्ज्ञ, १९६६पासून बेसबॉल खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख. तो आला तेव्हा मोठ्या लीगमधला किमान पगार सहा हजार डॉलर होता. त्याने फ्लडला आडवंतिडवं विचारून घाबरवायचा पुरेपूर प्रयत्न केला. तू हरशील. जिंकलास तरी तुला काही मिळणार नाही, तोवर तुझी खेळण्याची वर्षं संपतील. पुढे कुणी प्रशिक्षकाचीसुद्धा नोकरी देणार नाही. फ्लडने विचारलं, इतर खेळाडूंचा फायदा होईल का? होईल, आणि पुढे येणाऱ्यांचाही, मिलर म्हणाला. मग पुरे, असं फ्लडचं उत्तर.

डिसेंबरात प्वेर्तो रिकोच्या सान हुआनमध्ये सर्व क्लबांच्या खेळाडू-प्रतिनिधींची बैठक होती. फ्लड तिथे बोलला. नंतर प्रश्न सुरू झाले आणि डॉजर्सच्या टॉम हॅलरने सगळ्यांच्या मनातलं विचारलं. सध्या काळ्यांची चळवळ जोरात आहे, तू हे काळा म्हणून करतो आहेस का? आदल्याच वर्षी मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या होत्या. मुहम्मद अलीचं विजेतेपद १९६७पासून काढून घेतलेलं होतं. हॅलरचा प्रश्न कुत्सित नव्हता, पण बोच होतीच. फ्लडने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: काळा खेळाडू म्हणून माझ्या वाट्याला गोऱ्या सोबत्यांपेक्षा वाईट दिवस आले हे मी नाकारलं तर ते खोटं ठरेल, आणि गेल्या काही वर्षांत आमच्यात जी जाग आली तिने मला अन्याय लवकर दिसू लागला हेही खरं, पण इथे मी खेळाडू म्हणून उभा आहे, आणि हे कलम आपल्या सगळ्यांना बांधतं. प्रतिनिधींनी पंचवीस विरुद्ध शून्य मतांनी खर्चाचा भार उचलायचं ठरवलं.

मला हे उत्तर त्याच्या सगळ्या खेळीपेक्षा थोर वाटतं. नंतरच्या पन्नास वर्षांत या प्रकरणावर जी भांडणं झाली, हा वंशाचा प्रश्न की मजुरीचा, ती सगळी त्या खोलीत त्याने दोन-तीन वाक्यांत मिटवली होती. कलम काळ्या-गोऱ्यांना सारखंच लागू होतं. पण ज्याच्या अंगावर आधीचे वळ होते त्यालाच ते खुपलं आणि तोच पुढे आला.

२४ डिसेंबरला त्याने बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांना पत्र पाठवलं. बारा वर्षं मोठ्या लीगमध्ये खेळल्यावर, माझ्या इच्छेचा विचार न करता खरेदी-विक्री व्हावी अशी मी मालमत्ता आहे असं मला वाटत नाही, हे त्यातलं मुख्य वाक्य. १९७०च्या मोसमासाठी इतर क्लबांचे देकार विचारात घेण्याचा मला हक्क आहे, सर्व क्लबांना तसं कळवावं. पत्राचा सूर सभ्य, थोडा कचेरीतलाच. कून यांचं उत्तरही सभ्य होतं. माणूस म्हणून तुम्ही मालमत्ता नाही हे मान्यच, पण त्याचा इथे संबंध काय ते मला समजत नाही. तुम्ही करारावर सही केलेली आहे.

३ जानेवारी १९७०ला टीव्हीवर हॉवर्ड कोसेलने त्याला विचारलं, वर्षाला नव्वद हजार डॉलर म्हणजे काही गुलामाची मजुरी नव्हे, यावर काय म्हणतोस? फ्लड म्हणाला, भरपूर पगार मिळणारा गुलाम हाही शेवटी गुलामच.

झालं. देशभर मोहोळ उठलं. त्या वेळी खेळाडूंचा सरासरी पगार पंचवीस हजारांच्या आसपास होता, कारखान्यातल्या कामगाराचा त्याहून किती तरी कमी. स्टेडियममध्ये बिअर पिणाऱ्या माणसाला नव्वद हजारांचा गुलाम कसा पटावा? बहुतेक गोऱ्या क्रीडापत्रकारांनी फ्लडला कृतघ्न ठरवलं. काळ्यांच्या वृत्तपत्रांनी मात्र त्याची बाजू घेतली, गोऱ्यांमधले रेड स्मिथसारखे मोजके लोकही. खेळाडूंमध्येही सगळे सोबत नव्हते, बॉस्टनचा कार्ल यास्त्रेम्स्की उघडपणे विरोधात बोलला. ‘गुलाम’ हा शब्द अमेरिकेत पैशाच्या वजनाने तोलला जातो, हे तेव्हापासून आजतागायत चालू आहे. २०११ साली अमेरिकन फुटबॉलच्या टाळेबंदीत एड्रियन पीटरसन या खेळाडूने आधुनिक गुलामी असा शब्द काढला तेव्हाही पहिलं प्रत्युत्तर त्याच्या पगाराचा आकडा हेच होतं. फ्लडचं वाक्य पीटरसनच्यापेक्षा कसाला जास्त उतरतं, कारण पीटरसनला करार संपल्यावर दुसरीकडे जाता येत होतं. फ्लडला नव्हतं. तो कमी पैसे मिळतात असं म्हणतच नव्हता. फिलीज तर त्याला लाखाच्या घरात द्यायला तयार होते.

१६ जानेवारीला न्यू यॉर्कच्या संघराज्य न्यायालयात दावा दाखल झाला. वकील आर्थर गोल्डबर्ग, स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. दाव्यात मक्तेदारीचा मुद्दा होताच, शिवाय गुलामी आणि वेठ बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचाही आधार घेतला होता. न्यायाधीश आयर्विंग बेन कूपर यांनी तो फेटाळला. माणसाला खेळ सोडून दुसरं काही करायची मोकळीक आहे, मग वेठ कसली? तर्क कायद्याच्या पुस्तकात बसणारा आहे. पोरवयापासून तिशीपर्यंत जो एकच काम शिकला, त्याला देशातल्या सगळ्या कारखान्यांनी मिळून सांगावं की या एका कारखान्यात राहा नाहीतर हे कामच विसर, यालाही कायदा मोकळीकच म्हणतो.

खटला मे-जून १९७०मध्ये चालला. फ्लडच्या बाजूने साक्ष द्यायला जॅकी रॉबिन्सन आला. वय एक्कावन्न, केस पांढरे, मधुमेहाने नजर अधू झालेली, दोन वर्षांनी तो वारला. डिसेंबर १९५६मध्ये डॉजर्सनी रॉबिन्सनलाही असंच विकायला काढलं होतं आणि त्याने खेळच सोडला होता. हँक ग्रीनबर्ग आला, ज्यू असल्यामुळे मैदानात शिव्या खाल्लेला जुना तारा. जिम ब्रॉस्नन आला, माजी क्लबमालक बिल व्हेक आला. त्या वेळी मैदानावर खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात फिरकला नाही. गिब्सन त्याचा जिवलग, त्यालाही हे परवडणारं नव्हतं. प्रत्येकाचा करार कुणाच्या तरी टेबलावर होता.

ऑगस्टमध्ये कूपर यांनी निकाल विरोधात दिला. तोवर फ्लडचं आयुष्य विस्कटलं होतं. सेंट लुईसमधला त्याचा फोटोचा धंदा बुडाला, देणेकरी मागे लागले, घटस्फोट झालेला, दारू वाढलेली. तो कोपनहेगनला निघून गेला. पुढच्या मोसमासाठी वॉशिंग्टन सेनेटर्सच्या मालकाने त्याला एक लाख दहा हजार डॉलर देऊ केले. खटल्याला बाधा येणार नाही अशा बेताने तो परतला. पाय मंदावले होते. तेरा सामने, पस्तीस वेळा फलंदाजी, सात हिट. यँकी स्टेडियममध्ये त्याच्या लॉकरवर एकदा काळं पुष्पचक्र टांगलेलं सापडलं, प्रेतावर ठेवतात तसलं. एप्रिल १९७१च्या अखेरीस मालकाला तार करून तो पुन्हा देशाबाहेर गेला, या वेळी स्पेनमधल्या मायोर्का बेटावर. तिथे त्याने बार चालवला.

अपील वर गेलं. २० मार्च १९७२ला सर्वोच्च न्यायालयात गोल्डबर्ग उभे राहिले आणि, सगळ्यांच्या मते, साफ घसरले. मुद्दा सोडून फ्लडची आकडेवारी सांगत बसले. १९ जूनला निकाल आला, पाच विरुद्ध तीन. नववे न्यायमूर्ती लुईस पॉवेल बाजूला झाले होते, कारण त्यांच्याकडे बुश यांच्या बिअर कंपनीचे शेअर होते.

बहुमताचा निकाल हॅरी ब्लॅकमन यांनी लिहिला. न्यायालयीन निकालांच्या इतिहासात याइतका विचित्र दस्तऐवज क्वचित असेल. सुरुवातीची काही पानं म्हणजे बेसबॉलचं स्तोत्र. ऐंशीहून अधिक थोर खेळाडूंची नावं एकापुढे एक, जणू नामावळीच. रॉबिन्सन त्यात आहे. खुद्द बहुमतातल्या दोघा न्यायमूर्तींनी या भागावर सही करायला नकार दिला. स्तोत्र संपल्यावर ब्लॅकमन सांगतात की होय, बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार आहे, होय, त्याला मिळालेली सूट ही विसंगती आहे. पण ती पन्नास वर्षांची विसंगती आहे. बदलायची तर काँग्रेसने बदलावी. विल्यम डग्लस १९५३च्या निकालात बहुमतासोबत होते. या वेळी त्यांनी विरोधात लिहिलं आणि तेव्हाच्या सहीचा पस्तावा होतो असं नोंदवलं. थर्गूड मार्शल, शाळांतला वर्णभेद मोडणारा १९५४चा खटला लढलेले वकील आणि त्या न्यायालयातले पहिले काळे न्यायमूर्ती, तेही विरोधात होते. बाहेरच्या माणसाला वाटेल, मालक आपसात याची देवघेव करतात, म्हणजे हा गुलामच झाला, पण खेळाडू जाणतात की याला रिझर्व्ह पद्धत म्हणतात, अशा अर्थाचा टोमणा त्यांनी मारला आहे.

सेंट लुईसमध्ये कार्डिनल्सच्या त्या वेळच्या स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर घुमटाचं एक जुनं कोर्ट आहे. १८४६ साली ड्रेड स्कॉट या गुलामाने आपण मुक्त आहोत असा दावा तिथे दाखल केला होता. तोही सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि १८५७ साली हरला.

रिझर्व्ह कलम पडलं ते फ्लडच्या निकालानंतर तीन वर्षांनी, आणि कोर्टात नाही. फ्लडच्या खटल्यामुळे मालकांवर आलेल्या दडपणाखाली १९७०च्या नव्या करारनाम्यात तंट्यासाठी तटस्थ लवादाची सोय झाली होती. १९७३मध्ये आणखी एक नियम आला. दहा वर्षं मोठ्या लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबकडे खेळलेल्याला बदली नाकारता येईल. फ्लडला तो हवा होता तेव्हा नव्हता. १९७५ साली डॉजर्सचा अँडी मेसरस्मिथ आणि मॉन्ट्रियलचा डेव्ह मॅकनॅली या दोघांनी नव्या करारावर सही न करता मोसमाला सुरुवात केली. दोघेही पिचर, दोघेही गोरे. लवाद पीटर साइट्झ यांनी १०-अ कलम वाचलं. क्लबला करार एक वर्ष वाढवता येईल असं त्यात लिहिलं होतं, आणि २३ डिसेंबरला त्यांनी निवाडा दिला की एक वर्ष म्हणजे एक वर्ष. मालकांनी साइट्झ यांना त्याच दिवशी काढून टाकलं. न्यायालयांनी निवाडा कायम केला. १९७६च्या करारनाम्यात सहा वर्षं खेळलेल्याला मोकळं होण्याचा हक्क आला. सरासरी पगार त्या वर्षी पन्नास हजारांच्या थोडा वर होता, चार वर्षांत तो एक लाख चाळीस हजारांच्या पुढे गेला.

करार मोकळे झाले म्हणून बाकीचं झालं नाही. मोठ्या लीगमध्ये पहिला काळा मॅनेजर यायला १९७५ उजाडलं, आणि तो होता फ्लडचा ऑक्लंडचाच दोस्त फ्रँक रॉबिन्सन. फ्लडला मात्र मिलरने सांगितल्याप्रमाणे बेसबॉलने नोकरी दिली नाही, १९७८च्या सुमाराला ऑक्लंडच्या संघाचं थोडं समालोचन सोडलं तर. घरी परतल्यावर त्याने दारूशी झगडा केला, ऑक्लंडमध्ये लहान मुलांच्या लीगचं काम पाहिलं. २० जानेवारी १९९७ला घशाच्या कर्करोगाने तो गेला, एकोणसाठाव्या वर्षी. हॉल ऑफ फेममध्ये तो नाही.

त्याच वर्षी प्रतिनिधीगृहात जॉन कॉनयर्स यांनी बेसबॉलची सूट काढून घेणारं विधेयक मांडलं आणि त्याला क्रमांक मागून घेतला २१. फ्लडच्या पाठीवरचा आकडा. पुढच्या वर्षी, २७ ऑक्टोबर १९९८ला, वाटाघाटी होऊन उरलेल्या मसुद्यावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली. कर्ट फ्लड कायदा. मोठ्या लीगच्या खेळाडूंना आता मक्तेदारीविरोधी कायद्याचा आधार घेता येतो. मायनर लीगचे खेळाडू, म्हणजे नॉर्थ कॅरोलिनात आणि जॉर्जियात बसने फिरणारी ती अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेली आहेत.